तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅडव्हान्स्ड फिजिओ व्हायला कुठला कोर्स करू?

बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, संपत आलेली मुलं मला हे सारखं विचारतात, की मॅम, तुम्ही इंग्लंडमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसमध्ये आहात, तर आम्ही काय करू, ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचायचे उपचार) की मॅन्युअल थेरपी (हाताने सांधे-स्नायू मोकळे करणं) की अजून काही. फोनवर हे धड सांगून होत नाही म्हणून इथे लिहिते.

कोर्स करा, चांगलंच आहे. पण दोन दिवसांच्या वर्कशॉपमधून एक टेक्निक हाताशी येतं, तेवढंच. इथे इंग्लंडमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड कोणाला म्हणतात, तर समोर पेशंट बसलाय, आधी कुठल्या डॉक्टरने बघितलेला नाही, चिठ्ठी नाही, एमआरआय नाही, आणि हा माणूस व्यायाम शिकवून घरी पाठवायचा की आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत, हे जो ठरवतो आणि त्या ठरवण्याची जबाबदारी घेतो त्याला. जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात बसणारे फर्स्ट कॉन्टॅक्ट फिजिओ इथे रोज हेच करतात.

उदाहरण कॉडा इक्वायनाचंच घ्या, म्हणजे कमरेच्या मणक्यात मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब येतो तो आजार. कंबर दुखतेय, कळा दोन्ही पायांत जातायत, अशा पेशंटला विचारावंच लागतं की लघवी अडकते का, झालेली कळते का, धुताना-पुसताना तिथे बधिर लागतं का, संबंधांच्या वेळी काही बदल जाणवला का. पेशंट आपणहून हे कधीच सांगत नाही, आणि गावाकडच्या मावशी मुलाला सोबत घेऊन आल्या असतील तर मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवून, त्यांना न लाजवता, त्यांच्या शब्दांत हे काढून घेणं, याला मी खरी काँपिटन्सी म्हणते. मज्जातंतूंवरचा दाब वेळेत काढला नाही तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो, त्यामुळे इथे संकोच चालत नाही.

आता कागदावरचं. इंग्लंडमध्ये 2017 साली अ‍ॅडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिसचा एक फ्रेमवर्क आला, फिजिओ, नर्स, पॅरामेडिक सगळ्यांसाठी मिळून एकच. त्याचे चार खांब आहेत: क्लिनिकल काम, लीडरशिप, शिकवणं आणि रिसर्च. पातळी मास्टर्सची लागते, पण नुसती डिग्री दाखवून भागत नाही, पोर्टफोलिओ करावा लागतो, म्हणजे सुपरवायझर तुमच्या कन्सल्टेशनला बसून बघतो, मग एकेक केस काढून विचारतो की हे का केलंस, दुसरं काय असू शकलं असतं, पेशंटला परत कधी ये म्हणून सांगितलंस. या प्रश्नांनी माणूस जेवढा तयार होतो तेवढा लेक्चर ऐकून होत नाही असं मला मनापासून वाटतं. औषधं लिहिणं हा त्यातलाच एक वेगळा भाग, 2013 मध्ये इथे कायदा बदलून फिजिओंना स्वतंत्रपणे प्रिस्क्राइब करायची मुभा मिळाली, पण त्याचा कोर्स वेगळा आणि रजिस्टरवर तशी नोंदही वेगळी.

रिसर्च म्हटलं की मुलं घाबरतात. पण मला त्याचा रोजच्या ओपीडीतच उपयोग होतो. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले होते, तर विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसली. आपल्याकडे पेशंट एमआरआय हातात घेऊनच येतो आणि "मणक्यात गॅप आलाय" हे डोक्यात घट्ट बसवून येतो, वाकायचंच बंद करतो. त्या भीतीतून त्याला बाहेर काढायचं तर हे आकडे तुम्हाला माहीत हवेत आणि साध्या मराठीत सांगताही यायला हवेत.

म्हणूनच म्हणते, इंग्लंडची कौशल्यांची यादी उचलून तशीच आणू नका. महाराष्ट्रात बसून पाठदुखी बघताना मणक्याच्या टीबीचा विचार खूप लवकर मनात यायला हवा, संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, रात्रीचं दुखणं हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं. आपल्याकडे फिजिओला औषधं लिहायचा अधिकार नाही, मग आपल्या यादीत योग्य डॉक्टरकडे योग्य वेळेत नेमकी चिठ्ठी लिहून पाठवणं जास्त वर हवं. 2021 च्या अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात फिजिओथेरपी आहे, तेव्हा अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे काय हे आपल्या सीनियर फिजिओंनी एकत्र बसून स्वतः लिहून काढावं, नाहीतर ती व्याख्या सर्टिफिकेट विकणारे करतील, आणि त्याचा त्रास पेशंटला होईल.

तोवर तुम्ही एवढं करा. रोज एका पेशंटबद्दल वहीत लिहा, मला काय वाटलं, कशावरून वाटलं, आणि काय दिसलं असतं तर मी मत बदललं असतं. महिनाभराने ती वही एखाद्या सीनियरसमोर ठेवा आणि त्यांना म्हणा, यातले कच्चे दुवे दाखवा. यासाठी फी लागत नाही, इंटर्नशिपमध्येच सुरू करता येतं.