आमची वाटचाल : उतारावरच्या झुडपांचे बियाणे

नागपूरच्या इतवारीत बियाण्यांची दुकाने पुष्कळ आहेत. परंतु गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडिया, उतारावर माती धरणारे आणि हिरवळीचा पाला देणारे शेंगवर्गीय झाड) त्याच वर्षीचे बी हवे असलेला माणूस चार ठिकाणी विचारून शेवटी आमच्या गोदामाशी येतो, हे सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. वडिलांनी हा व्यवसाय सुबाभळीवर उभा केला होता. १९८८ मध्ये सुबाभळीवरील सायलिड ही कीड भारतात आली, कोवळे शेंडे गळू लागले आणि मागणीही बसली. तेव्हा त्यांनी काटोल रस्त्याकडील आमच्या बरड, मुरमाड जमिनीत गिरिपुष्प लावले. पुढची बरीच वर्षे सुरळीत गेली.

ही झुडपे उतारावर एकाच उंचीच्या रेषेत लावावी लागतात आणि ती रेषा आखण्याची वडिलांची सागवानी चौकट आजही वापरात आहे. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून सोडलेला ओळंबा, एवढेच ते हत्यार. एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत न्यायचा आणि ओळंब्याची दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की तिथे खुंटी ठोकायची. अशा खुंट्यांनी जी वाकडीतिकडी रेघ तयार होते, ती खरी समपातळी रेषा असते. ट्रॅक्टरवाल्याला ती आवडत नाही, म्हणून तो ती सरळ करून मागतो. ती कधीही सरळ करून देऊ नये, कारण रांग सरळ झाली की पाणी तिच्या कडेने धाव घेते आणि माती अडण्याऐवजी वाहून जाते. फिलिपाइन्समधील मिंडानाओ बेटावर १९७० च्या दशकात उतारावरील शेतीची जी पद्धत विकसित झाली, तिच्यातही हीच चौकट आहे आणि चार-पाच मीटरवर शेंगवर्गीय झुडपांच्या दाट जोडरांगा आहेत. रांगेमागे गाळ साचत जातो आणि काही वर्षांनी उताराला आपोआप पायऱ्या पडतात.

मात्र माती धरणारी रांग आणि बियाण्याची रांग एक नसते, हे अनेक जाणकारांनाही पटवून द्यावे लागते. धुऱ्यावरचे गिरिपुष्प वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला कपाशीत टाकायचा असतो. फुले मात्र जुन्या फांदीवर, पानगळ झाल्यावर येतात. म्हणून बियाण्यासाठी आम्ही वेगळा तुकडा राखला आहे आणि त्याला कोयता लावत नाही. शेंगा पिवळसर-तपकिरी झाल्या की झाडावर तडकण्यापूर्वी त्या उतरवाव्या लागतात. एप्रिलच्या उन्हात त्या खळ्यावर पसरल्या की दुपारी तडतडू लागतात आणि चपट्या, चकचकीत बिया टिनाच्या शेडवर जाऊन आदळतात. त्यासाठी आम्ही ढिगांवर जुन्या मच्छरदाण्या अंथरतो. बाजारात यासाठी वेगळे साधन मिळत असेल, पण मच्छरदाणीइतके स्वस्त आणि कामाचे आम्हांला तरी दिसले नाही.

आता आमच्या छापाखाली दुसऱ्याचे बी गेले त्या प्रकरणाविषयी. एका पाणलोट कामासाठी आम्ही मोठ्या प्रमाणात बी पुरवले होते. त्याच कामाला आमच्याच बाजारातील एका व्यापाऱ्यानेही उरलेले बी दिले, आणि ते आमचा छाप असलेल्या कट्ट्यांत भरून दिले. रिकामे कट्टे भंगारवाल्याकडे विकत मिळतात. त्यात कायद्याने कुणाला काय सापडणार? त्याचे बी निदान दोन हंगाम पडून होते, रंगाने काळवंडलेले होते, आणि साध्या गोदामातील उष्णतेत गिरिपुष्पाचे बी इतका काळ तग धरत नाही. उगवण झाली नाही तेव्हा ठपका छापावर आला. आमचे सगळे पैसे अडले, गोदामाचे भाडे थकले, गाडी विकावी लागली आणि ज्यांनी आमच्याकडे कधी पाऊल टाकले नव्हते, तेही बियाण्याविषयी मते देऊ लागले.

त्या वेळी काटोलकडचे एक काकाजी उभे राहिले. त्यांनी आमच्याच खेपेतील बी आपल्या संत्र्याच्या बागेच्या वरच्या उतारावर टोकले होते. ते स्वतः त्या पाणलोट कामाच्या साहेबांना गाडीत बसवून शेतावर घेऊन गेले आणि गुडघाभर वाढलेल्या रांगांपुढे उभे करून म्हणाले, "बी खराब होतं तं हे काय आभायातून पडलं का जी?" आम्हीही दोन्ही कट्टे शेजारी ठेवून दाखवले : आमची शिलाई हाताची, सुतळीची, त्याची यंत्राची. बिलाचा काही भाग सुटला, उरलेला आजही अडकून आहे. त्या व्यापाऱ्याचे दुकान आता आमच्याहून मोठे आहे. काकाजींनी मात्र त्याच दिवाळीत पुढील हंगामाचे पैसे आगाऊ आणून ठेवले आणि पावती घेतली नाही.

तेव्हापासून प्रत्येक कट्ट्यात आम्ही तोडणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी घालतो आणि कट्टा रिकामा झाला की त्याचा कोपरा कापून टाकण्याची विनंती करतो. बी घेणाऱ्याने घरी आणून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, दहाएक दिवसांत निकाल कळतो. गिरिपुष्पाला रात्रभर साध्या पाण्यात भिजवणे पुरेसे आहे. सुबाभळीची साल टणक असल्याने थोडे बी असेल तर नेलकटरने प्रत्येक दाण्याची कड हलकेच टोकरावी, जास्त असेल तर कडक गरम पाण्यातून काढावे. सुबाभळीच्या शेंगा धुऱ्यावर पिकू देऊ नयेत, नाहीतर पुढची वर्षे निंदणीतच जातील. पहिल्या वर्षी छाटणीची घाई करू नये आणि शेळ्या आत सोडू नयेत.

ज्यांना आमच्याकडून बी हवे असेल त्यांनी मार्चमध्येच सांगावे. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर धावत येणाऱ्याला देण्यासाठी आमच्याकडे काही शिल्लक नसते. आणि त्या दिवसांत इतर दुकानांत जे शिल्लक असते, ते का शिल्लक राहिले हे विचारल्याशिवाय घेऊ नये.