तुम्ही विचारलंत म्हणून: वाटीतले जोंधळे आणि बरणीतल्या चिठ्ठ्या

‘मुलं थँक्यू म्हणतात, पण तोंडदेखलं. घरात खेळता खेळता कृतज्ञता कशी रुजवायची?’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक हे वरचेवर विचारतात.

आपल्याकडे आईला कुणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही, म्हणायला लावूही नये. आपल्यासाठी कुणी काय केलं, हे मुलाला दिसलं की झालं.

त्यासाठी जेवणाआधीचा एक खेळ फार चांगला. वाटीत मूठभर जोंधळे घ्या, शेजारी रिकामी वाटी ठेवा. भाकरी ताटात येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले ते आळीपाळीनं सांगायचं. माणसामागे एक दाणा रिकाम्या वाटीत. पेरणारा, भांगलणारी, कापणीची माणसं, हमाल, गिरणीवाले काका, भाकरी थापणारी आजी. इथं मुलं अडतात. उत्तर सांगू नका, ‘विळा कुणी केला?’ एवढंच विचारा. लोहार येतो, त्याच्यामागून कोळसेवाला, आणि दाणे पुन्हा पडू लागतात. दहा मिनिटांत थांबा, नाहीतर भाकरी गार आणि मुलं कंटाळलेली. अगदी लहानग्यांच्या हाती दाणे देऊ नका, नाकात घालतात. त्यांना चमचे द्या.

दुसरी चिठ्ठ्यांची बरणी. लोणच्याची असेल तर धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर कागद तेलकट होतात. ए-फोर कागदाला चार घड्या घातल्या की सोळा चिठ्ठ्या. चिठ्ठीत नाव, त्यानं केलेलं काम, आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. हा तिसरा भाग गाळला की सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘आई चांगली आहे’ येतं. रोज लिहायला लावू नका, त्याचा गृहपाठ होतो. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते आठवड्यातून एकदा लिहिणारे विद्यार्थी अधिक आनंदी झाले, तीनदा लिहिणारे नाहीत. ते विद्यार्थी मोठे होते, तरी रविवार पुरे.

भावंडांचं भांडण झालं असेल त्या दिवशी एकमेकांवर लिहायला सांगू नका. ती शिक्षाच वाटते.

महिनाअखेरीस बरणी उघडा आणि चिठ्ठी ज्याची त्याला पोचवा. दूधवाले अण्णा कन्नड बोलणारे असतील तर मुलाला कन्नडात लिहू द्या. शाळेत शिकतंच की. वेलांट्या चुकल्या तर अण्णाच सांगतील.