किती जणांबरोबर झोपलास हा प्रश्नच चुकीचा आहे

आपल्या पुण्यातल्या गे-बाय पुरुषांच्या ग्रुपमध्ये कोणाला सिफिलिस (सेक्समधून पसरणारा आजार) किंवा एचआयव्ही निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खूप फिरायचा ना तो". मला याचा खरंच त्रास होतो. एकतर असं बोलणं क्रूर आहे, आणि दुसरं म्हणजे इन्फेक्शन तसं पसरतच नाही.

समजा वर्षभरात तुझा एकच पार्टनर होता. त्याचे चार होते, आणि त्या चारातल्या एकाचे वीस. तू एकाच्या हिशोबाने स्वतःला सेफ धरतोयस पण त्या वीस जणांपासून तू फार लांब नाहीयेस. आणि हे काही बॅड लक नाही, ज्याचे पार्टनर जास्त तो जास्त लोकांच्या लिस्टमधे असणार, मग तुझ्या लिस्टमधेही तोच असायची शक्यता जास्त, त्यामुळे सरासरी काढली तर आपल्या पार्टनरचे पार्टनर आपल्यापेक्षा जास्तच निघतात. पुण्यात बहुतेक स्टॉपवर दोनचार बस थांबतात आणि स्वारगेटला कितीतरी, तसं कोण कोणाबरोबर झोपतं त्या जाळ्यातही थोडी माणसं खूप जणांशी जोडलेली असतात आणि बाकी आपण त्यांच्यामार्फत एकमेकांशी.

यात टायमिंगचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एक नातं पूर्ण संपवून दुसरं सुरू केलं तर दुसऱ्याकडून आलेलं इन्फेक्शन पहिल्याकडे परत जात नाही. पण दोघं एकाच काळात असतील तर ते दोन्हीकडे जातं, आणि लवकर जातं. एचआयव्हीत पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला व्हायरस सगळ्यात जास्त असतो, तेव्हा माणसाला फारतर ताप येऊन गेलेला असतो आणि टेस्ट कधीकधी निगेटिव्हच येते. म्हणजे दोन जणांचे प्रत्येकी तीनच पार्टनर, पण एकाचे एकामागून एक आणि दुसऱ्याचे एकाच महिन्यात, तर जाळ्याच्या दृष्टीने ही दोन पूर्ण वेगळी माणसं आहेत.

अमेरिकेतलं एक उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो. तिथल्या काळ्या गे पुरुषांचे पार्टनर गोऱ्यांपेक्षा जास्त नसतात, कंडोमही ते कमी वापरत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तरी २०१६ मधे सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) हिशोब मांडला की तेव्हाचाच रेट राहिला तर त्यांच्यातल्या दर दोघांत एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल, गोऱ्या गे पुरुषांत हेच प्रमाण अकरात एक. मग फरक कुठून आला? त्यांचं जाळं छोटं आणि घट्ट, त्यात एचआयव्ही आधीच जास्त, आणि उपचार उशिरा पोचलेले. सावध वागणाराही त्याच जाळ्यात अडकलेला.

शरीराचाही भाग आहेच. व्हायरस असलेल्या आणि औषधं न घेणाऱ्या माणसाबरोबर कंडोमशिवाय ॲनल सेक्स केला तर बॉटमला (आत घेणाऱ्याला) दर दहा हजार वेळांमागे साधारण १३८ वेळा एचआयव्ही होतो, टॉपला (आत घालणाऱ्याला) ११ वेळा. योनीमार्गे सेक्समधे बाईला हाच आकडा ८. आता आपल्यात बरेच जण वर्सटाइल, म्हणजे दोन्ही करणारे, त्यामुळे तोच माणूस बॉटम असताना सहज घेऊ शकतो आणि टॉप असताना सहज देऊ शकतो. स्त्रीपुरुषांच्या साखळीत असं होत नाही. नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) २०१७ च्या आकड्यांत देशातल्या प्रौढांमधे एचआयव्ही ०.२२ टक्के होता आणि पुरुषांशी सेक्स करणाऱ्या पुरुषांमधे २.६९ टक्के, तो फरक आपल्या चारित्र्याचा आहे असं मला कोणी सांगू नये.

एमपॉक्सच्या (आधीचं नाव मंकीपॉक्स) साथीच्या वेळी हे सगळं डोळ्यांसमोर झालं. २३ जुलै २०२२ ला डब्ल्यूएचओने जागतिक आणीबाणी जाहीर केली, आपल्याकडे केरळमधे पेशंट सापडला, सॅम्पल्स इथे पुण्यात एनआयव्ही या व्हायरसच्या सरकारी संस्थेत तपासली गेली. इतर देशांत आधी जास्त जोडलेली माणसं आजारी पडली, मग त्यांच्यात इम्युनिटी आली, कुठे लस मिळाली, आणि अमेरिकेतल्या एका सर्वेत तर जवळपास निम्म्या गे-बाय पुरुषांनी आपणहून पार्टनर कमी केल्याचं सांगितलं. मे २०२३ मधे आणीबाणी उठली. कोणाला शिव्या घालून हे झालं नाही, लोकांना माहिती मिळाली म्हणून झालं.

आणि पुण्यात अडतं ते इथेच. आपलं जाळं लहान आहे, कोथरूड असो की हिंजवडी, ॲपवर फिरून फिरून तेच तेच लोक. पण चेहरा नाही, खरं नाव नाही, भेट झाली की ब्लॉक. काही जण लग्न झालेले, घरी बायको, त्यांना तर रिपोर्ट हातात आला तरी सांगायचं कोणाला. इन्फेक्शन या माणसाकडून त्या माणसाकडे आरामात जातं आणि त्याची बातमी मात्र भीतीपोटी मधेच मरते. "खूप फिरायचा" म्हणणारे ही भीती वाढवतात, म्हणून मला राग येतो.

उलटंही खरंय हं. जास्त पार्टनर असलेला माणूस प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) घेत असेल तर त्याच्या पलीकडचे सगळे वाचतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधे २०१६ पासून जास्त धोक्यातल्या हजारो पुरुषांना पटापट प्रेप दिलं आणि वर्षभरात अख्ख्या राज्यातल्या गे-बाय पुरुषांमधल्या नवीन एचआयव्ही केसेस २५ टक्क्यांनी घटल्या. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेऊन व्हायरस अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमधे सापडणार नाही इतका कमी, झालेला माणूस सेक्समधून एचआयव्ही देतच नाही, त्यामुळे त्याला टाळण्यात काही अर्थ नाही, शेवटची टेस्ट कधी केली हेच न आठवणाऱ्याबरोबर धोका जास्त आहे.

म्हणून कृपा करून, पॉझिटिव्ह आलात तर गेल्या काही महिन्यांतल्या पार्टनर्सना कळवा. लाज वाटते मान्य आहे, पण मेसेज एवढाच पुरतो: "अरे, माझी सिफिलिसची टेस्ट पॉझिटिव्ह आलीये, तूही करून घे, इंजेक्शनने बरं होतं, मी कोणाला काही सांगणार नाहीये." स्वतः सांगणं जमत नसेल तर ससूनच्या किंवा पिंपरीत वायसीएम हॉस्पिटलच्या आयसीटीसीतल्या (एचआयव्ही टेस्ट आणि सल्ल्याचं सरकारी केंद्र) काउन्सेलरशी बोला, एचआयव्हीची टेस्ट तिथे फुकट होते आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय रिझल्ट कोणाला सांगायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा. आणि काल-परवा रिस्क झाली असेल तर हे वाचत बसू नका, पेप (रिस्क झाल्यावर एचआयव्ही टाळायला घ्यायचं औषध) ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं.