आधी हिरडी, मग कॅप

वरच्या पुढच्या दाताला कॅप बसवून नऊ वर्षं झाली होती. आतून धातू, वरून सिरॅमिक. हिरडी हळूहळू वर सरकली आणि कॅपच्या काठाला काळी रेघ दिसायला लागली. शेजारच्या दातापेक्षा तो लांबुडकाही वाटायचा. फोटो काढताना ओठ मिटायची सवय कधी लागली, कळलंच नाही.

एका दवाखान्यात कॅप बदलून घेतली. दोन वर्षांत रेघ पुन्हा हजर. माझ्या हिरडीबद्दल तिथं कुणी चकार शब्द काढला नव्हता, याचं आजही वाईट वाटतं.

मग कोल्हापुरातल्या राजारामपुरीत हिरड्यांच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी हिरडीच्या आत बारीक सळई सरकवली आणि आरसा दिला. सळईची करडी सावली बाहेरून दिसत होती. "बघा ताई, हिरडी इतकी पातळ आहे. कॅप कितीही भारी घाला, ही परत सरकणार. आधी हिरडी जाड करू."

जुनी कॅप काढून तात्पुरती बसवली. मग टाळूवर, सुळ्यामागच्या भागात चीर देऊन वरच्या कातडीखालचा थर काढला, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा. पुढची हिरडी सैल करून खाली ओढली, त्याखाली तो तुकडा ठेवला आणि टाके घातले. १९८५ मध्ये लँगर नावाच्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, असं मॅडमनी सांगितलं. भूल होती, त्यामुळे दुखलं नाही. नुसती ओढाताण जाणवली.

घरी आल्यावर मात्र टाळूनं रडवलं. पुढच्या दाताचं काहीच नाही, पण पाण्याचा घोटही टाळूला झोंबायचा. ओठ उचलून बघायचं नाही, टाके ओढले जातात, अशी ताकीद होती. तरी तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. हिरडी फुगलेली, पांढरट. घाबरून फोन केला. "सुरुवातीला तशीच दिसते, आता परत बघू नका," एवढंच मॅडम बोलल्या.

रविवारी घरात तांबड्या रश्श्याचा वास सुटला. सासूबाईंनी माझ्यासाठी गुरगुट्या भातात गार ताक कालवलं, आणि माझ्यासोबत स्वतःही तेच जेवल्या.

दोन आठवडे तिथं ब्रश नाही, फक्त क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या. चौदाव्या दिवशी टाके निघाले. खरी परीक्षा त्यानंतर होती. पुतण्याचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून पक्की कॅप लगेच मागितली. मॅडमनी साफ नकार दिला. हिरडी अजून आक्रसते आहे, काठ कुठं स्थिरावतो ते कळल्याशिवाय माप घेणार नाही म्हणाल्या. साडेतीन महिने थांबले. लग्नातल्या फोटोत तात्पुरतीच कॅप आहे. मग झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकची पक्की कॅप बसली, दोन्ही दात एका रेषेत आले.

सहा महिन्यांच्या तपासणीला मॅडमनी पुन्हा तशीच सळई सरकवली, आरसा माझ्या हातात दिला. नुसती गुलाबी हिरडी दिसली. सळईची सावली कुठंच नव्हती.