चौथी सीट

आमच्या योगवर्गाच्या बाई पहाटे साडेपाचला एकच वाक्य दहा वेळा म्हणतात, "ताणू नका, सुटू द्या." आणि मी ताणते. पश्चिमोत्तानासनात शेजारणीचं कपाळ गुडघ्याला टेकलेलं दिसलं की माझ्या मनात जे काही येतं, त्याला योगशास्त्रात काय म्हणतात ठाऊक नाही. डोंबिवलीत खुन्नस म्हणतात.

सुटणं म्हणजे काय ते मला कळलं लोकलच्या लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. बाक तिघींचा असतो. चौथी येऊन "जरा सरकता का?" म्हणते, तिघी सरकल्यासारखं करतात आणि चौथीला अर्ध्या मांडीपुरती जागा मिळते. उरलेली मांडी अधांतरी. एक पाय वाटेत, त्या पायावर कुणाची तरी सँडल, मांडीवर पर्स, पर्सवर डबा आणि तोंडासमोर उभ्या असलेल्या बाईची ओढणी.

पतंजलीची योगसूत्रं १९५, कुणी १९६ मोजतात. त्यांतली आसनावर फक्त तीन. पहिलं सगळ्यांना पाठ असतं, 'स्थिरसुखमासनम्'. आमच्या वर्गाच्या भिंतीवरही ते रंगवलंय. चौथ्या सीटवर स्थिर काही नाही आणि सुखाचं तर नावच नको. पण त्याच्या पुढचं सूत्र भिंतीवर कुणी रंगवत नाही: 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्'. धडपड सैल करायची आणि मन अनंताकडे लावायचं, म्हणजे आसन जमतं. या अनंताचा अर्थ काही टीकाकार शेषनाग असा करतात. डोक्यावर सगळी पृथ्वी, तरी गडी डुगडुगत नाही. त्याला ठाण्याची गर्दी चढतानाचा धक्का माहीत नसावा, असं मला पूर्वी वाटायचं.

पहिले काही महिने मी दात आवळून बसत असे. अर्धी मांडी बाकात रुतवायची, वरचा दांडा गच्च धरायचा, श्वास कोंडायचा. मुलुंड येईतो मांडीत गोळा. एकदा ताप येऊन गेल्यावर अंगात त्राणच नव्हतं, म्हणून दांडा सोडला आणि तशीच बसून राहिले. गाडी डावीकडे झुकली, मीही झुकले. ब्रेक लागला, पुढे गेले, परत आले. पाय तेवढा जमिनीवर नीट टेकलेला होता. घाटकोपर कधी आलं कळलं नाही आणि गोळाही आला नाही. पहाटेच्या सतरंजीवर जे वर्षभरात जमलं नव्हतं, ते अशक्तपणाने करून दाखवलं. बाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग उद्यापासून इथेही आजारी असल्यासारखंच करा."

तिसरं सूत्र म्हणतं, मग द्वंद्वं बाधत नाहीत. थंडी-ऊन वगैरे. डोक्यावरचा पंखा बंद आणि खिडकीतून पावसाची झड, ही दोन्ही एकाच वेळी सोसायची माझी अजून तयारी नाही.

खरी पंचाईत मात्र आसनाची नाहीच. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं. त्याआधी यम आणि नियम, म्हणजे दुसऱ्यांशी आणि स्वतःशी कसं वागायचं ते. यमांत दुसऱ्या क्रमांकावर सत्य, आणि लेडीज डब्यात त्याचीच सगळ्यांत जास्त वाट लागते. आपण विचारतो, "कुठे उतरणार?" उत्तर येतं, "दादर." मग आशेने, "मला द्याल?" की समोरची शांतपणे म्हणते, "दिलीय." कुणाला दिलीय, ते कधीच दिसत नाही. दादरला ती उठते आणि जवळ जी उभी असेल ती बसते. गेल्या सोमवारी मोरपंखी ड्रेसवाल्या एकीने मला असंच "दिलीय" म्हणून पार भायखळ्यापर्यंत उभं ठेवलं. संध्याकाळी भाजी चिरतानासुद्धा मी मनातल्या मनात तिला यम-नियम शिकवत होते.

मंगळवारी चौथी सीट मिळाली. छान बसले, झुलत, श्वास मोकळा. घाटकोपरला खिडकीजवळची उठली, दोघी आत सरकल्या आणि मला अख्खी सीट मिळाली. पाठ टेकली, दोन्ही पाय सरळ ठेवले, डोळे मिटले. त्या दिवशी मला दादरलाच काम होतं.

"कुठे उतरणार?"

"दादर."

"मला द्याल?"

एक डोळा किलकिला केला. ड्रेस आज वेगळा होता, पण बाई तीच. दादरला निम्मा डबा रिकामा होतो, तिला कुठेही जागा मिळाली असती.

"दिलीय," मी म्हणाले आणि डोळा मिटून घेतला.