ओल्खोन, फेब्रुवारी: बर्फावरच्या 12 किलोमीटरचा हिशोब आधी करा

ओल्खोन हे रशियातल्या सैबेरियातलं, बैकाल सरोवरातलं बेट. "पाच तासांत ओल्खोन" असं इर्कुत्स्क शहरात सर्रास सांगितलं जातं. पाच तास लागतात ते सरोवराच्या काठावरच्या साख्युर्ता गावापर्यंत. बेट पलीकडे आहे, मध्ये गोठलेला बैकाल आहे, आणि हिवाळी सहल अडते ती नेमकी इथे. पैसे घेताना हे कोणी बोलत नाही.

काठापर्यंतचा रस्ता साधारण 250 किमी, उस्त-ओर्दिन्स्की, बायांदाय, येलांत्सी मार्गे. मार्श्रुत्का म्हणजे शेअर व्हॅन बऱ्या असतात, काही अडचण नाही. येलांत्सीला जेवून घ्या. बुर्यात म्हणजे बैकालकाठच्या स्थानिक लोकांच्या पोझी मिळतात: वाफवलेल्या, मोदकासारख्या चुण्यांच्या, आत मांसाचं सारण. काट्याने फोडू नका. हातात धरून कडेला छोटा चावा घ्यायचा, आतला रस ओढून घ्यायचा, मग बाकीची खायची. शाकाहारी माणसाने गरम पाण्यात होणारं उपीट-पोह्यांचं पाकीट सोबत ठेवावंच.

आता तो टप्पा. उन्हाळ्यात फेरीबोट जेमतेम दीड किलोमीटर पाणी ओलांडते. हिवाळ्यात तो मार्ग चालत नाही, कारण त्या अरुंद तोंडाशी प्रवाह जोराचा आणि बर्फ कच्चा. बर्फावरचा अधिकृत रस्ता वळसा घालून जातो, सुमारे 12 किमी. जाडी मोजून परवानगी मिळाल्यावरच तो उघडतो: बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. मार्चच्या शेवटाकडे बंद होतो. तारीख दर वर्षी वेगळी. त्याच्या आधी आणि नंतर बर्फावर फक्त हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर चालणारी बोट, स्थानिक बोलीत 'खिवुस'.

लुबाडणूक होते ती इथेच. खिवुसचं भाडं सहलीच्या किमतीत धरलेलं नसतं. काठावर पोहोचल्यावर माणशी वेगळं मागतात, सामानाचे आणखी वेगळे. अंधार पडत असतो, थंडी उणे 20, मागे फिरायला गाडी नाही, माणूस देतोच. वारा चढला तर खिवुस बंद, मग रात्र साख्युर्तात. म्हणून बुकिंग करताना पाच गोष्टी लेखी घ्या: दर माणशी की गाडीचा, खिवुस लागलं तर पैसे कोणाचे, बेटावरची पुढची गाडी धरली आहे का, राष्ट्रीय उद्यानाचा परवाना कोण काढणार, अर्ध्यातून परतावं लागलं तर परतावा किती. उत्तरं टाळली तर दुसरा माणूस बघा. स्पष्ट सांगायचं तर रस्ता अधिकृतरीत्या उघडल्याशिवाय जाऊच नका. 10 फेब्रुवारी ते 15 मार्च हा काळ धरा.

बर्फावर गाडी शिरली की सीटबेल्ट काढायचा. हा तिथला नियमच आहे. दाराचं लॉक उघडं, बॅग मांडीवर नाही. गाड्यांमध्ये अंतर ठेवतात आणि हळू चालवतात, कारण चालत्या गाडीच्या वजनाने बर्फाखाली पाण्याची लाट तयार होते आणि ठरावीक वेगाला ती बर्फ फोडू शकते. ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून पळवू लागला तर मोठ्याने थांबवा. भीड धरू नका.

बेटावर उतरल्यावर खुझीर या मुख्य गावापर्यंत 35 किमीच्या आसपास कच्चा, पन्हळी पत्र्यासारखा रस्ता. 'बुखान्का' म्हणजे पावाच्या आकाराची जुनी उआझ व्हॅन. तिच्यात मधल्या रांगेत बसा. मागची रांग चाकांवर येते आणि कंबर मोडते. काचा आतून श्वासाने गोठतात. खरवडायला प्लॅस्टिकचं जुनं कार्ड खिशात असू द्या.

सगळे फोटो असतात ते उत्तर टोकाचे, खोबोयचे. तिथे गाड्या बर्फावरून नेतात, आणि हे नीट समजून घ्या: अधिकृत रस्त्याबाहेर गाडी बर्फावर न्यायला मनाई आहे, तरी सहली चालतात. धोका भेगांचा. रात्री थंडीने बर्फ आकसतो आणि कित्येक किलोमीटर लांबीची भेग उघडते. दिवसा तो फुगतो, कडा एकमेकींवर चढतात आणि सुळक्यांची रांग उभी राहते, तिला 'तोरोस' म्हणतात. कालची वाट आज चालेलच असं नाही. चांगला ड्रायव्हर भेगेपाशी उतरतो, लोखंडी पहारीने कडा ठोकून बघतो, प्रवाशांना पायी पलीकडे नेतो आणि मग फळ्या टाकून रिकामी गाडी काढतो. टपावर फळ्या आणि पहार नसेल तर बसू नका. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर अजिबात नाही.

खरं तर पारदर्शक निळा बर्फ, त्यात थिजलेले बुडबुडे, खडकांवर लाटांनी चढवलेले बर्फाचे थर हे सगळं खुझीरच्या किनाऱ्यालाच, चालत जाऊन दिसू शकतं. मात्र वाऱ्याने हिम झाडून नेलेलं हवं; ताजं हिम पडलं तर सगळं पांढरं. बुटांना खिळ्यांचे पट्टे लागतातच. रबरी स्वस्तातले नकोत: थंडीत रबर कडक होतं आणि खिळे गळतात. साखळीचे, वरून पट्टा आवळता येणारे घ्या. सार्मा नावाचा वारा दरीतून सुटला की उघड्या बर्फावर उभं राहता येत नाही. जोर वाढायच्या आत किनारा गाठा.

खुझीरजवळच्या बुर्खान टोकापाशी रंगीत फितींनी मढलेले 13 लाकडी खांब आहेत, त्यांना 'सेर्गे' म्हणतात. ओल्खोनच्या तेरा अधिपती देवतांशी त्यांचं नातं आहे. पलीकडचा दोन सुळक्यांचा खडक ही बुर्यात शमन परंपरेतली फार पवित्र जागा. त्यावर चढू नका, गुहेत शिरू नका. लांबून बघणं पुरेसं आहे. झाडांना नायलॉनच्या फिती बांधू नका, त्या कुजत नाहीत आणि फांद्या आवळतात. यजमानाने दूध किंवा व्होडका पुढे केली तर आधी अनामिका बुडवून थेंब शिंपडतात, मग पितात. सगळे करतात तसं करा, पिणं सक्तीचं नाही.

व्हिसा-मास्टरकार्डची परदेशी कार्डं रशियात मार्च 2022 पासून चालत नाहीत. डॉलर इर्कुत्स्कच्या बँकेत बदलून सगळे रुबल सोबत न्या, दोन दिवसांचा जास्तीचा खर्च धरून. फोन आतल्या खिशात ठेवा, बाहेर काढला की बॅटरी बसते. बेटावर तीन रात्री, आणि परतीच्या विमानाआधी इर्कुत्स्कमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा. वारा सुटला तर तो दिवस साख्युर्ताच्या काठावरच जाईल.