लांडगिणीपर्यंत पोचायला दोन महिने

इंग्लंडमधल्या एका नाण्यांच्या प्रदर्शनात मी साफ न केलेली सहा रोमन नाणी घेतली. नखाएवढी, मातीने माखलेली. आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेनेच घासायची, त्यामुळे घरी आल्याआल्या एका नाण्याला चिंच लावली. थोड्याच वेळात ते गुलाबी लखलखीत झालं आणि चित्र गेलं. शेकडो वर्षांत ब्राँझवर जो हिरवा-तपकिरी थर धरतो, त्यातच बारीक नक्षी टिकलेली असते. आंबट लागलं की तो थरच जातो. त्याची हळहळ अजून आहे.

उरलेली पाच डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवली. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, मऊ ब्रश फिरवायचा, मग भिंगाखाली टूथपिकने माती कोरायची. एका बसणीत जेमतेम एक अक्षर सुटायचं.

महिन्याभराने एका नाण्यावर शिरस्त्राण घातलेला चेहरा दिसला. मी सम्राटाचं नाव शोधत होते, पण अक्षरं लागली व्ही-आर-बी-एस. चार दिवस त्यातच गेले. मग लक्षात आलं, रोमन नाण्यांवर यूच्या जागीही व्हीच कोरायचे. 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम नगरी! चेहरा राजाचा नव्हताच, रोम शहराला दिलेलं ते स्त्रीरूप होतं. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने 11 मे 330 रोजी कॉन्स्टँटिनोपल या नव्या राजधानीचं उद्घाटन केलं. त्या सुमारास दोन्ही शहरांच्या नावाने नाणी निघाली. नवीचा मान करताना जुनीलाही विसरले नाहीत, हे मला फार आवडलं.

मागची बाजू सुटायला आणखी महिना लागला. आधी वर दोन तारे दिसले, मग लांडगिणीची पाठ, शेवटी पोटाखालची जुळी बाळं, रोम्युलस आणि रेमस. दंतकथेत या लांडगिणीनेच त्यांना दूध पाजलं आणि पुढे रोम्युलसने रोम वसवलं. बाळांचे चेहरे झिजलेत, पण मान वळवून त्यांच्याकडे बघणारी लांडगीण स्पष्ट आहे. तळाशी टी-आर-पी: आजच्या जर्मनीतल्या ट्रियरची टांकसाळ, त्यातला पहिला विभाग. वजन 2.4 ग्रॅम भरलं. 335 च्या सुमारास ही नाणी हलकी झाली, म्हणून हे त्याआधीचं असावं.

चिंच लावलेलं नाणंही त्याच डबीत ठेवलंय. त्याच्यावर दोन उभ्या रेघा उरल्यात. बहुधा सैनिक असावेत.